दोन कॉम्प्युटर, एक बोल्ट: चालकविरहित गाडीच्या सुरक्षेचं काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

मी या कामात आले ती एम्बेडेड सॉफ्टवेअरमधून. पहिल्याच आठवड्यात एक जाडजूड फाइल हातात पडली. एसिल, एफएमईडीए, सोटिफ, ओडीडी अशी नुसती अक्षरांची जत्रा. विचारायला जावं तर जो तो आपल्या कप्प्यातलं सांगायचा. हार्डवेअरवाला बिघाडाच्या दराबद्दल बोले, मंजुरीचं बघणारा नियमांबद्दल, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे काही कुणी सांगेना. तुम्हीही अशाच टीममध्ये नुकते रुजू झाला असाल, तर खालच्या क्रमाने जा. क्रम मोडू नका. बहुतेक जण पाचव्या पायरीवर उडी मारतात, म्हणजे आधी सगळं दुप्पट करून टाकतात आणि मग ते कशासाठी केलं याची कारणं शोधत मागे येतात.

सुरुवातीला जवळ काय असू द्या

- आयएसओ २६२६२, म्हणजे गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बिघाडांपासून सुरक्षेचं मानक. २०१८ ची आवृत्ती घ्या. बारा भाग आहेत, सगळे वाचू नका. पहिला (व्याख्या), तिसरा (संकल्पना), पाचवा (हार्डवेअर) आणि नववा (विश्लेषणाच्या पद्धती) आधी पुरेत.
- आयएसओ २१४४८, म्हणजेच सोटिफ: काहीच न बिघडता गाडी चुकते त्याबद्दलचं मानक. २०२२ ची आवृत्ती घ्या, २०१९ चा मसुदावजा दस्तऐवज नको.
- गाडीचं प्रत्यक्ष वायरिंग हार्नेसचं ड्रॉइंग, म्हणजे कुठली तार कुठून कुठे जाते ते दाखवणारं. ब्लॉक डायग्राम नव्हे. का, ते सहाव्या पायरीत कळेल.
- साधी स्प्रेडशीट. महागड्या टूलचा हट्ट पहिल्या महिन्यात धरू नका. आपण काय भरतोय हे कळल्याशिवाय टूल फक्त रकाने वाढवतं.
- बेंचसाठी व्होल्टेज हवं तसं खालीवर करता येणारा पॉवर सप्लाय आणि ऑसिलोस्कोप.

१. आधी विचारा: बिघाड झाला तर सावरणार कोण?

एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३०१६ या दस्तऐवजात गाडी किती स्वयंचलित आहे याच्या ० ते ५ अशा सहा पातळ्या आहेत. लोक त्या परीक्षेतल्या गुणांसारख्या वाचतात, जणू लेव्हल ४ म्हणजे लेव्हल २ पेक्षा हुशार गाडी. तसं नाही. या पातळ्या जबाबदारीची वाटणी सांगतात. लेव्हल २ मध्ये गाडी स्टिअरिंग आणि वेग दोन्ही सांभाळते, पण रस्त्यावर नजर चालकाची. तिथे बॅकअप म्हणजे माणूस, आणि तो त्या क्षणी हजर हवा. लेव्हल ३ मध्ये गाडी बोलावेल तेव्हा त्याने यायचं. लेव्हल ४ मध्ये कुणी येणार नाही. ठरलेल्या हद्दीत गाडीने स्वतःच निस्तरायचं.

म्हणून पहिल्या पानावर एकच वाक्य लिहा: ‘आमच्या गाडीत बिघाड झाल्यावर अमुक सेकंदांपर्यंत अमुक जण सावरेल.’ हे वाक्य लिहिताना टीममध्ये वाद झाला तर बरंच झालं. तो वाद पुढे कधीतरी होणारच होता, आणि तेव्हा तो महागात पडला असता.

२. गाडीची हद्द आखा

ओडीडी म्हणजे गाडी कुठे, कधी, कोणत्या हवामानात आणि किती वेगाने चालणार, याची लेखी हद्द. ‘शहरी रस्ते’ एवढं लिहून भागत नाही. रात्र? पाऊस? बोगदा? सिग्नल बंद पडलेला चौक? जे लिहिलं नाही ते तपासणारा हद्दीच्या आतच धरतो. आणि हद्द ओलांडली जातेय हे गाडीला कशावरून कळणार, तेही इथेच लिहा.

३. धोके मोजा

याला हारा म्हणतात. प्रत्येक धोक्याला तीन आकडे द्यायचे: इजा किती गंभीर (एस० ते एस३), तसा प्रसंग किती वेळा येतो (ई० ते ई४), आणि तो कुणाला आवरता येईल का (सी० ते सी३). उदाहरणार्थ, हायवेच्या वळणावर स्टिअरिंगची मोटर अचानक गप्प झाली. जीव जाऊ शकतो, एस३. वळणं रोजचीच, ई४. गाडीत कुणी चालक नाही, सी३. मानकातल्या तक्त्यात याचं उत्तर येतं एसिल डी. एसिल म्हणजे धोक्यावरून ठरणारा सुरक्षेचा वर्ग: ए सगळ्यात सौम्य, डी सगळ्यात कडक. पाठांतरासाठी युक्ती: तिन्ही आकड्यांची बेरीज १० आली तर डी, ९ तर सी, ८ तर बी, ७ तर ए. त्याखाली नेहमीची गुणवत्ता-व्यवस्था पुरते.

इथे दोन खड्डे आहेत, आणि मी दोन्हींत पडले आहे.

पहिला: जुन्या ड्रायव्हर-असिस्ट प्रकल्पातला तक्ता उचलून वापरणं. त्यात सी१, सी२ असे आकडे असतात, कारण तिथे चालक ब्रेक मारणार हे गृहीत धरलेलं असतं. तुमच्या गाडीत तो चालकच नसेल, तर सीचा प्रत्येक आकडा नव्याने ठरवावा लागतो.

दुसरा: ‘ही चिप एसिल डी आहे’ यावर विश्वास ठेवणं. एसिल चिकटतो तो सुरक्षेच्या उद्दिष्टाला आणि त्यातून निघालेल्या गरजांना. विक्रेत्याच्या पत्रकातल्या ‘एसिल डी’चा अर्थ एवढाच, की सेफ्टी मॅन्युअलमधल्या अटी पाळल्या तर ती चिप तशा कामात बसू शकते. ते मॅन्युअल मागून घ्या. अटींचं पान उघडा. अर्धं काम तिथे तुमच्यावर ढकललेलं असतं.

४. थांबायचं कसं, ते ठरवा

साध्या यंत्राला बिघाड झाला की बंद पडणं हेच सुरक्षित असतं. याला फेल-सेफ म्हणतात. भरधाव गाडी नुसती बंद पडून चालत नाही. तिला बिघाडानंतरही काही काळ चालावं लागतं, म्हणजे ती फेल-ऑपरेशनल हवी. किती काळ? हिशेब करून बघा.

संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांपैकी आर१५७ हा लेनमध्ये गाडी आपोआप चालवणाऱ्या लेव्हल ३ यंत्रणेसाठी आहे. सुरुवातीला त्यात ताशी ६० किलोमीटरची मर्यादा होती. २०२२ मधल्या दुरुस्तीने ती १३० पर्यंत नेली. चालकाला बोलावल्यावर त्याला निदान १० सेकंद द्यायचे आणि तो आलाच नाही तर गाडीने स्वतः थांबायचं, तेही साधारणपणे सेकंदाला ४ मीटर प्रतिसेकंदापेक्षा जोरात ब्रेक न मारता. ताशी १३० म्हणजे सेकंदाला ३६ मीटर. दहा सेकंदांत ३६० मीटर, वर थांबायला आणखी १६० च्या आसपास. अर्धा किलोमीटर झाला! गंभीर बिघाडात वाट न बघता थांबायला सुरुवात करता येते, पण तेव्हाही पूर्ण थांबेपर्यंत ९ सेकंद जातात. त्या ९ सेकंदांत ब्रेक आणि स्टिअरिंग कुठल्या ना कुठल्या कॉम्प्युटरच्या हातात असायलाच हवं. ‘बॅकअप किती ताकदीचा हवा’ याचं उत्तर या हिशेबातून निघतं, कुणाच्या अंदाजातून नाही.

आणि थांबणं नेहमीच सुरक्षित असतं असंही समजू नका. २ ऑक्टोबर २०२३ ला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये दुसऱ्या एका गाडीने उडवलेली पादचारी महिला क्रूझ या कंपनीच्या चालकविरहित टॅक्सीसमोर येऊन पडली. गाडीने तिला धडक देऊन ब्रेक लावला. त्यानंतर ‘अपघातानंतर कडेला घ्या’ या ठरलेल्या नियमाप्रमाणे ती पुन्हा हलली आणि खाली अडकलेल्या त्या महिलेला सुमारे ६ मीटर फरफटत नेलं. कॅलिफोर्नियाच्या मोटार वाहन विभागाने त्याच महिन्यात कंपनीचे परवाने स्थगित केले. ‘कडेला घेणे’ हे एका ओळीचं वाक्य आपल्या फाइलमध्येही असतं. कोणत्या स्थितीत कडेला घ्यायचं नाही, याची यादी त्याच्याखाली हवी.

५. आता भाग दुहेरी करा

ब्रेकचं हायड्रॉलिक सर्किट साध्या गाडीतही दुहेरीच असतं. चालक नसेल तर त्यावर दाब आणणारी यंत्रणाही दोन हव्यात, कारण पायाने पेडल दाबणारा आता नाही. स्टिअरिंगच्या मोटरमध्ये दोन स्वतंत्र वाइंडिंग आणि त्यांना दोन स्वतंत्र कंट्रोलर देतात. एक गेलं तर मोटर कमी जोराने का होईना, वळवते. वीज दोन बाजूंनी. कॉम्प्युटर दोन.

कॉम्प्युटरबाबत नवखे एक गल्लत करतात. लॉकस्टेप प्रोसेसरमध्ये दोन कोअर तेच काम करतात आणि उत्तरं जुळवून बघतात. उत्तरं वेगळी आली तर कुणीतरी चुकलं एवढं कळतं. कोण चुकलं ते कळत नाही. म्हणून तो गप्प बसतो. लॉकस्टेप म्हणजे बॅकअप नव्हे, तो प्रामाणिकपणे गप्प बसणारा कॉम्प्युटर. पुढे चालत राहायचं तर असे दोन लागतात, किंवा मग तीन आणि बहुमत.

दोन ठेवलेत तर सूत्रं कोणाकडे, तेही लिहा. मुख्य कॉम्प्युटरला वाटतंय दुसरा ब्रेक मारतोय, दुसऱ्याला वाटतंय मुख्य जिवंत आहे, असं झालं की दोन घरचा पाहुणा उपाशी. सूत्रं हातात घेण्याचा निर्णय कुणाचा, किती मिलिसेकंदांत आणि कुठल्या तारेवरून, हे तीन रकाने रिकामे ठेवून पुढे जाऊ नका.

६. आणि मग दोघांत सामाईक काय आहे, ते शोधा

बाकी सगळं विसरलात तरी ही पायरी विसरू नका.

मानक तुम्हाला एक सवलत देतं. एसिल डीची गरज दोन वाटांवर वाटून देता येते, दोन्हीकडे बी, किंवा एकीकडे सी आणि दुसरीकडे ए. सगळ्यांना हा भाग फार आवडतो, कारण स्वस्त पडतो. अट एकच: दोन्ही वाटा एकमेकींपासून खरोखर सुट्या असाव्यात. ते सिद्ध करायच्या कागदाला डीएफए म्हणतात, आणि हा कागद सगळ्यात शेवटी, सगळ्यात घाईत लिहिला जातो.

आमच्या बेंचवर सगळं दोन-दोन होतं. कॉम्प्युटर, बॅटऱ्या, कन्व्हर्टर; वायरींचे रंगसुद्धा वेगळे. एका दुपारी टेक्निशियनने फ्रेम जरा सरकवली आणि दोन्ही स्क्रीन एकदम काळ्या झाल्या. एकामागून एक नव्हे, एकदम. तासभर सॉफ्टवेअरला शिव्या घालून झाल्यावर तो टॉर्च घेऊन खाली वाकला. दोन्हीकडच्या ग्राउंडच्या वायरी एकाच बोल्टवर आल्या होत्या. दोन तांब्याच्या लग्ज एकावर एक, वर वॉशर, आणि त्यावरचा नट बोटाने फिरत होता.

सर्किटच्या ड्रॉइंगमध्ये हे का दिसलं नाही? कारण तिथे ग्राउंड म्हणजे तीन आडव्या रेघांची एक खूण. ती पन्नास ठिकाणी काढलेली असते आणि तिच्यामागे खरी तार कुठे जाते, हे ड्रॉइंग सांगतच नाही. हार्नेसचं ड्रॉइंग सांगतं. पॉझिटिव्हवर सगळ्यांची नजर असते, निगेटिव्ह कुणी मोजत नाही.

विमानवाले हे फार मोठी किंमत मोजून शिकले. १९ जुलै १९८९ ला युनायटेडच्या डीसी-१० विमानात शेपटीतल्या इंजिनचा पंखा फुटला. विमानात तीन स्वतंत्र हायड्रॉलिक यंत्रणा होत्या, पण तिन्हींचे पाइप शेपटीत जवळजवळून गेले होते. तुकड्यांनी तिन्ही एकाच वेळी निकामी केल्या. ४ जून १९९६ ला एरियान ५ रॉकेटच्या पहिल्याच उड्डाणात दिशा मोजणारी दोन युनिट होती, एक मुख्य आणि एक राखीव. दोन्हींत तेच सॉफ्टवेअर. एक मोठा आकडा १६ बिटांच्या जागेत मावला नाही. आधी राखीव बंद पडलं, मग क्षणार्धात मुख्य, त्याच कारणाने. उड्डाणानंतर सुमारे ३७ सेकंदांनी रॉकेट भरकटलं आणि फुटलं. पहिल्या गोष्टीत जागा सामाईक होती, दुसऱ्या गोष्टीत चूक.

आकड्यांतही बघा. समजा, एका युनिटची तासाभरात बिघडण्याची शक्यता १०,००० त एक आहे. दोन्ही एकाच तासात बिघडण्याची शक्यता गुणाकाराने येते १० कोटींत एक. हा आकडा सादरीकरणात छान दिसतो. आता समजा, बिघाडांपैकी शंभरातला एकच दोघांना एकदम लोळवणारा आहे. लगेच तो आकडा १० लाखांत एक होतो, शंभरपट वाईट. पुढे दोनाचे तीन युनिट केलेत तरी, तो सामाईक एक टक्का काढल्याशिवाय सुधारणा दिसत नाही.

तेव्हा दोन्ही वाटांची नावं दोन रकान्यांत लिहा आणि खाली विचारत जा: वीज कुठून? ग्राउंड कुठे? कनेक्टर एकच का? थंड करणारा पंप एकच? घड्याळाचा सिग्नल? नेटवर्कचा स्विच? दोन्ही सेन्सर बंपरच्या एकाच कोपऱ्यात, म्हणजे एका ठोकरीत दोन्ही जातील असे? कॅलिब्रेशनची फाइल एकच? एकाच पुरवठादाराच्या एकाच बॅचचा भाग? आणि शेवटी, दोन्हींच्या गरजा एकाच माणसाने लिहिल्या का? शेवटचा प्रश्न लोकांना आवडत नाही. विचाराच.

७. पडून असलेल्या बॅकअपची झडती घ्या

डिकीतली स्टेपनी पंक्चर आहे, हे कधी कळतं? चाक पंक्चर झाल्यावर. अशा झाकलेल्या बिघाडांसाठी मानकात वेगळं मोजमाप आहे. एसिल डीसाठी एकट्याने धोका घडवणारे बिघाड ९९ टक्के आणि झाकलेले ९० टक्के आवरलेले असावेत, आणि सुरक्षेच्या एका उद्दिष्टामागे हार्डवेअरच्या आकस्मिक बिघाडांचा दर १० कोटी तासांत एकापेक्षा कमी असावा, अशी अपेक्षा आहे. हे आकडे फक्त हार्डवेअरचे आहेत. सॉफ्टवेअरची चूक यात मोजत नाहीत.

व्यवहारातली मेख अशी: बॅकअपची तपासणी बहुधा गाडी सुरू होताना होते. तुमची गाडी दिवसचे दिवस बंदच होणार नसेल, तर ती तपासणी होणार कधी? चालत्या गाडीत, थांब्यावर, चार्जिंगच्या वेळी, कुठेतरी तिला जागा काढावी लागते.

८. काहीच न मोडता होणारे अपघात

इथवर सगळं बिघाडाबद्दल होतं. सोटिफ सुरू होतं जिथे एकही भाग बिघडलेला नाही आणि तरी गाडी चुकते. समोरून आलेल्या उन्हात एकसारखे दोन कॅमेरे दोन्ही आंधळे होतात. दाट धुक्यात कॅमेरा आणि लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) दोन्ही अडखळतात, रडार बरंच तग धरतं. पण रडारला उभी वस्तू आणि रस्त्यावरचा पूल यांत गोंधळायची सवय. म्हणून सेन्सर दोन असण्यापेक्षा दोन जातींचे असणं कामाचं.

१८ मार्च २०१८ ला अमेरिकेतल्या टेंपी शहरात उबरच्या चाचणी गाडीखाली सायकल ढकलत रस्ता ओलांडणारी महिला मरण पावली. तपासात दिसलं, की धडकेच्या ५.६ सेकंद आधी यंत्रणेला काहीतरी दिसलं होतं. पण ते वाहन, सायकल की आणखी काही, हे ती पुन्हापुन्हा बदलत राहिली, आणि दर बदलाला आधीचा माग सोडून देत राहिली. मूळ व्होल्वो गाडीतला आपोआप लागणारा ब्रेक तर कॉम्प्युटर गाडी चालवत असताना बंदच ठेवलेला होता. लक्ष ठेवायला बसवलेली व्यक्ती मोबाइल बघत होती. म्हणजे आयता मिळालेला दुसरा रक्षक कुणीतरी विचारपूर्वक बंद केला होता. तुमच्या गाडीत मूळ उत्पादकाचं काय काय बंद केलंय, त्याची यादी फाइलला जोडा.

९. कायदा: मानक वेगळं, नियम वेगळा

आयएसओचं मानक हा कायदा नव्हे. पण नियम लावणारे ‘तुम्ही काय केलंत ते दाखवा’ म्हणतात तेव्हा उत्तर त्याच भाषेत द्यावं लागतं.

नियमांच्या दोन मुख्य तऱ्हा. युरोप, जपान वगैरे ठिकाणी विक्रीआधी मंजुरी घ्यावी लागते, त्यासाठी संयुक्त राष्ट्रांचे नियम वापरतात: आर१५५ सायबरसुरक्षेसाठी, आर१५६ सॉफ्टवेअर अपडेटसाठी, आणि वर आलेला आर१५७. पूर्ण स्वयंचलित गाड्यांसाठी युरोपीय संघाचा २०२२/१४२६ हा वेगळा नियम आहे. अमेरिकेत उत्पादक स्वतःच प्रमाणित करतो आणि सरकार मागाहून पकडतं. २०२१ पासून तिथे स्वयंचलित यंत्रणा चालू असतानाचे ठरावीक अपघात कळवावे लागतात. शिवाय राज्यांचे परवाने निराळे. कॅलिफोर्नियात चालकासह चाचणी, चालकाशिवाय चाचणी आणि सेवेत उतरवणं, असे तीन वेगळे परवाने लागतात.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते अपडेटमध्ये. मंजुरी मिळाली, दोन महिन्यांनी ब्रेकच्या कोडमध्ये ‘किरकोळ’ बदल केला, आणि ज्या आवृत्तीला मंजुरी होती ती रस्त्यावर उरलीच नाही. आर१५६ याचसाठी आहे. कुठला बदल कुठल्या मंजुरीला शिवतो, हे ठरवणारी व्यक्ती आधीच नेमा.

१०. तपासनिसासमोर जाताना

हे कागद क्रमाने लावा: यंत्रणेची व्याख्या आणि ओडीडी, हारा, सुरक्षेची उद्दिष्टं, कार्यात्मक आणि तांत्रिक सुरक्षा संकल्पना, एफएमईडीए (कुठला भाग कसा आणि किती वेळा बिघडतो आणि ते पकडलं जातं का, याचा तक्ता), डीएफए, बिघाड मुद्दाम घडवून केलेल्या चाचण्यांचे निकाल, सोटिफचा अहवाल, आणि या सगळ्याला एका सुतात ओवणारी सेफ्टी केस, म्हणजे गाडी सुरक्षित का आहे याचा पुराव्यानिशी मांडलेला युक्तिवाद. यूएल ४६०० हे २०२० मधलं मानक सेफ्टी केससाठी चांगली प्रश्नावली पुरवतं. उत्तरं देता आली नाहीत तरी प्रश्न वाचून जा.

चाचण्यांचे निकाल नेताना नुसतं ‘पास’ नेऊ नका. ऑसिलोस्कोपचा आलेख न्या: इथे वीज कापली, इथे दुसऱ्या कॉम्प्युटरने सूत्रं घेतली, मध्ये इतके मिलिसेकंद. वीज फक्त कापू नका, हळूहळू उतरवूनही बघा. १२ व्होल्टवरून ६ वर रेंगाळणारा पुरवठा एकदम गेलेल्या पुरवठ्यापेक्षा जास्त छळतो, कारण अर्धमेला कॉम्प्युटर गप्प बसत नाही, काहीबाही बोलत राहतो.

आमच्या पहिल्या बैठकीत मी दोन तासांचं सादरीकरण तयार करून नेलं होतं. तपासनीस बाईंनी चौथ्या स्लाइडला थांबवलं आणि म्हणाल्या, ‘हे राहू द्या. हार्नेसचं ड्रॉइंग आहे का? ग्राउंडचे बोल्ट दाखवा.’